तुषार, थेंब की शिंतोडा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. उसावर ड्रोनने फवारणी करण्याच्या एका माहितीपुस्तिकेचे मराठी तुम्ही करताय, आणि त्याच आठवड्यात गावच्या आरोग्य केंद्रासाठी खोकला-शिंकेबद्दलचा एक फलकही लिहून द्यायचा आहे. दोन्हीकडे मूळ शब्द ‘ड्रॉपलेट’. तुम्ही दोन्हीकडे ‘तुषार’ लिहिले. पुस्तिका तपासणाऱ्याने ते खोडून सगळीकडे ‘सूक्ष्म थेंब’ केले. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, एवढा गोड शब्द थुंकीला कशाला? तुम्ही कोश उघडलेत तर संस्कृतात तुषार म्हणजे हिम, हिंदीत ‘पाला’, म्हणजे पिकावर पडणारे हिम, आणि मराठीत पाण्याचे बारीक कण. तेव्हा तुषार म्हणजे नक्की काय, आणि तो कुठे चालतो?

गेली सव्वीस वर्षे मी कोल्हापुरात शेती आणि आरोग्य या दोन विषयांची भाषांतरे आणि मुद्रिते तपासण्याचे काम करते. हा शब्द माझ्या हाताखालून शेकडो वेळा गेला आहे आणि त्याच्यावरून वादही पुष्कळ झाले आहेत. म्हणून आधी उत्तर सांगते, मग कारणे.

थेंब लहान झाला म्हणून तुषार होत नाही. तो हवेत उडाला, आणि त्याच्यासोबत आणखी शंभर उडाले, की आपण तुषार म्हणतो. मराठीत या शब्दांची वाटणी आकारावर कमी आणि चालीवर जास्त आहे. पाणी कशाने हलते आहे ते बघा: स्वतःच्या वजनाने, वाऱ्याने, कुणाच्या हाताने, की ते हलतच नाही? शब्द आपोआप सापडतो.

याचा पुरावा क्रियापदांत आहे. थेंब पडतो, टपकतो, ठिबकतो, गळतो, ओघळतो. तुषार उडतात. शिंतोडे उडतात आणि उडवलेही जातात. दव पडते. घाम डवरतो. आता ही क्रियापदे अदलाबदल करून पाहा. ‘नळातून तुषार टपकला’ हे वाक्य तिसरीतल्या मुलालाही खटकेल. ‘कारंज्याचे थेंब उडाले’ हे चालते, पण ते ऐकताना डोळ्यांपुढे मोजता येतील असे थेंब येतात, तो गार फवारा येत नाही.

पावसाळ्यात राधानगरीकडे राऊतवाडीच्या धबधब्यावर गेला असाल तर हा फरक अंगावर घेतला असेल. धारेखाली उभे राहिलात तर पाणी अंगावर आदळते, त्याला तुषार कुणी म्हणणार नाही. वीस-पंचवीस पावले मागे आलात की पाणी संपले असे वाटते. तरी चष्म्याची काच धुरकट होते, भुवयांवर बारीक पांढरी ओल धरते, सदरा न भिजता दमट होतो. ते तुषार. मग काचेवर बसलेले कण एकमेकांना चिकटतात, मोठे होतात आणि एक रेघ ओढत खाली येतात. आता काचेवरून ओघळणारा तो थेंब झाला. पाणी तेच, दोन मिनिटांत नाव बदलले, कारण चाल बदलली.

व्याकरणाचे एवढेच लक्षात ठेवा की शब्द पुल्लिंगी आहे आणि बहुतेक अनेकवचनात वावरतो. ‘एक तुषार’ म्हटले की मुलाचे नाव वाटते. एकच कण सांगायचा असेल तर ‘तुषारकण’ म्हणा. मोजायचे असतील तर थेंब मोजतात. डोळ्यांत औषधाचे दोन थेंब घालतात, पोलिओचे दोन थेंब पाजतात. दोन तुषार कुणी पाजत नाही.

आता कोशांतल्या गोंधळाकडे येते. तो गोंधळ खरा आहे आणि त्यामुळे नुकसानही होते.

शाळेत म्हटलेली सरस्वतीची प्रार्थना आठवा, ‘या कुन्देन्दुतुषारहारधवला’. कुंदाचे फूल, चंद्र आणि तुषार यांच्यासारखी पांढरी. तिथे तुषार म्हणजे हिम. अमरकोशात नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय हे शब्द एका ओळीत बसवले आहेत. म्हणजे धुके, दव आणि हिम यांचे ते गार कुटुंब आहे. वाऱ्यावर येणाऱ्या पाण्याच्या कणांसाठी त्या कोशात वेगळाच शब्द आहे, शीकर. ‘शीकरोऽम्बुकणाः’ असे स्पष्ट म्हटले आहे. मराठीने शीकर फारसा घेतला नाही. त्याचे काम तुषारकडे आले आणि तुषारचा मूळचा हिमाचा अर्थ आपल्याकडे मागे पडला. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, तेव्हा त्या शब्दाला इथे दुसरे काम मिळणे स्वाभाविकच होते. हिवाळ्यात महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात पारा उतरला की आपली वर्तमानपत्रे ‘दवबिंदू गोठले’ किंवा ‘हिमकण दिसले’ असे छापतात. ‘तुषार पडला’ असे कोणी छापत नाही. हिंदीत मात्र तो अर्थ जिवंत आहे. तिकडच्या शेतीच्या पत्रकांत तुषार म्हणजे पाला, म्हणजे रात्री थंडीने गोठून पिकाची पाने जाळणारे हिम.

काही वर्षांपूर्वी एका बियाणे कंपनीचे पत्रक माझ्याकडे शेवटच्या वाचनाला आले. ते हिंदीवरून मराठीत आणले होते. त्यात वाक्य होते, ‘थंडीच्या दिवसांत पिकाचे तुषारापासून संरक्षण करावे.’ व्याकरण निर्दोष, शुद्धलेखन निर्दोष. पण आमच्याकडच्या शेतकऱ्याला तुषार म्हटले की तुषार सिंचन आठवते. तो याचा अर्थ काय घेणार? थंडीत स्प्रिंकलर बंद ठेवा! आणि हिमापासून पीक वाचवायचा जुना, साधा उपाय म्हणजे संध्याकाळी हलके पाणी देणे. ओल्या मातीत दिवसाची ऊब जास्त साठते आणि रात्री ती हळूहळू बाहेर पडते. म्हणजे जो उपाय करायचा त्यालाच पत्रकाने मनाई केली असती. ते वाक्य मी ‘कडाक्याच्या थंडीत हिम पडून पाने करपू नयेत म्हणून संध्याकाळी हलके पाणी द्यावे’ असे करून दिले. लांब झाले, पण शेतात चुकीचे पोचले नाही. तेव्हापासून हिंदीवरून आलेल्या मजकुरात तुषार दिसला की मी थांबते आणि महिना बघते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची गोष्ट असेल तर तो बहुधा आपला तुषार नसतो.

दवाचीही अशीच एक गंमत सांगून ठेवते. संस्कृतात ‘दव’ म्हणजे वणवा, दावानलातला ‘दाव’ त्याच कुळातला. आपला दव पूर्वी ‘दंव’ लिहीत. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द कागदावर सारखे झाले. आमच्या आजीच्या तोंडी दवापेक्षा ‘दहिवर’ जास्त असे. पहाटे कडब्यावर दहिवर पडायचे. आणि ‘दवबिंदू’ लिहिताना काळजी घ्या, कारण विज्ञानाच्या पुस्तकात दवबिंदू हे तापमान असते, थेंब नव्हे. उत्कलनबिंदूतला बिंदू जो, तोच तिथला. हवामानाच्या मजकुरात ‘दवबिंदू १४ अंश’ आणि पुढच्याच ओळीत ‘पानांवर दवबिंदू’ असे आले की वाचक अडखळतो. दुसरीकडे ‘दवाचे थेंब’ करा.

आता तुमच्या पुस्तिकेकडे. तुमच्या तपासनिसाने सगळीकडे ‘सूक्ष्म थेंब’ केले ते मला पटत नाही, आणि तुम्ही सगळीकडे ‘तुषार’ ठेवले होते तेही पटत नाही. फवारणीत हे दोन वेगळे पदार्थ असल्यासारखे वागतात.

आकडे पाहू. पावसाचा साधारण २ मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सहा-साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. १०० मायक्रॉनचा कण, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, सेकंदाला पाव मीटरच उतरतो. नोझल पिकापासून मीटरभर उंच असेल तर त्या कणाला पानापर्यंत यायला चार सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी सात किलोमीटरचा साधा वारा त्याला आठ मीटर बाजूला नेतो. आठ मीटर म्हणजे आपल्याकडे शेजाऱ्याचा बांध ओलांडून आत. २० मायक्रॉनचा कण तर मिनिटभराहून जास्त वेळ तरंगतो आणि उन्हात वाटेतच आटतो. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ४०० मायक्रॉनच्या एका थेंबाच्या औषधातून २०० मायक्रॉनचे आठ थेंब होतात, १०० चे चौसष्ट. बारीक केले की तेच औषध जास्त पानांवर पोचते. ड्रोन एकरी दहा लिटरच्या आसपास पाण्यात काम भागवतो, पाठीवरच्या पंपाला त्याच्या कितीतरी पट पाणी लागते. एवढ्या थोड्या पाण्यात सगळे पीक झाकायचे तर बारीक केल्याशिवाय गत्यंतर नाही.

म्हणून बुरशीनाशक किंवा कीटकनाशक पानाच्या दोन्ही बाजूंना बसायला हवे तिथे ‘बारीक तुषार’ हा शब्द बरोबर आहे. तणनाशकाच्या प्रकरणात तोच शब्द घातक आहे. उसात रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी हे तणनाशक वापरतात, आणि द्राक्ष, कापूस, वांगी, टोमॅटो यांना त्याचा नुसता वारा लागला तरी पाने वेडीवाकडी होतात. मी एकदा हातकणंगले भागात असा वांग्याचा प्लॉट पाहिला आहे. कोवळी पाने पन्हळीसारखी आत वळलेली, शिरा एकमेकींजवळ ओढलेल्या, शेंडा मुरगळलेला. उसाकडच्या पहिल्या चार सरींत सगळी झाडे तशी, पुढे कमी होत गेलेली. शेजाऱ्याने मुद्दाम केले नव्हते. त्याच्या हातात जे पत्रक होते त्यावर छापले होते, ‘तणनाशक एकसारख्या तुषारांत फवारावे.’ त्याने ते मनापासून पाळले, बारीक छिद्राचे नोझल लावले, दुपारी वारा सुटला असताना. तिथे ‘मोठ्या थेंबांत, नोझल जमिनीजवळ धरून’ एवढे हवे होते. लिहिणाऱ्याला तुषार आणि थेंब हे समानार्थी वाटले, आणि त्याची किंमत तिसऱ्याने मोजली.

फवारणी कशी बसली ते पाहण्यासाठी एक पिवळा कागद मिळतो. पाण्याचा कण बसला की तिथे निळा डाग उमटतो. तो पानांत अडकवतात आणि फवारणीनंतर भिंगाखाली मोजतात. तुमच्या पुस्तिकेत त्याचे प्रकरण असेल. तिथे तिसरा शब्द वापरा, ‘ठिपके’. कागदावर जे दिसते ते थेंब नसून थेंबाची खूण आहे, आणि ती मूळ थेंबापेक्षा मोठी असते, कारण थेंब आपटून पसरतो. ‘कागदावर प्रति चौरस सेंटिमीटर इतके थेंब’ असे लिहिले तर वाचणारा ठिपक्याचा आकार म्हणजेच थेंबाचा आकार समजेल.

तपासनीस कदाचित म्हणेल की तुषार म्हणजे ठरावीक मायक्रॉनपेक्षा लहान, अशी व्याख्या देऊन टाकू. माझ्या मते ती मराठीत टिकणार नाही, कारण तुषार सिंचनातले थेंब तसे लहान नसतात. स्प्रिंकलरमधून अर्ध्या मिलिमीटरपासून तीन-चार मिलिमीटरपर्यंतचे थेंब बाहेर पडतात, म्हणजे पावसाएवढे मोठे. तरी कुणालाही ते नाव चुकीचे वाटत नाही, कारण पाणी उडत, फिरत, पसरत येते. त्याचे भावंड ठिबक सिंचन घ्या, ते नावच मुळात ठिबकणे या क्रियापदावरून आले आहे. पाणी कसे पोचते त्यावरून दोघांची नावे पडली. शेतकऱ्यांनी ती सहज उचलली, कारण ती भाषेच्या वळणात बसतात. तेव्हा पुस्तिकेत आकडा द्यायचा तिथे मायक्रॉनमध्येच द्या आणि आधी ‘थेंबाचा आकार’ लिहा. कृती सांगायची तिथे ‘बारीक तुषार’ किंवा ‘मोठे थेंब’.

आरोग्याच्या फलकाबद्दल सिस्टरांचे मला अर्धे पटते. मराठी माणसाच्या मनात तुषाराशी धबधबा, कारंजे, लग्नातल्या गुलाबदाणीचे पाणी जोडलेले आहे. विनोदाचे, हास्याचे तुषार उडतात. शिंतोड्याला मात्र मुळातच डाग लागलेला आहे. चिखलाचे शिंतोडे, चारित्र्यावर शिंतोडे. जे अंगावर यायला नको होते आणि आले, ते शिंतोडे. खोकताना रुमाल धरा हे सांगायचे असेल तर शिंतोडे हाच शब्द हवा. तो वाचला की माणूस नकळत तोंड बाजूला करतो. मोठ्या थेंबांचे वागणेही तसेच असते, तोंडातून सुटतात आणि हात-दोन हातांवर खाली बसतात.

अर्धे पटत नाही ते यासाठी की सगळेच खाली बसत नाही. २०२० मध्ये आपण सगळे ‘दोन हात दूर’ शिकलो. तेव्हा पाच मायक्रॉनच्या वरचे ते थेंब आणि खालचे हवेत तरंगणारे कण, अशी एक रेघ ओढलेली होती. त्या रेघेवर पुढे बराच वाद झाला आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती मोडून, तोंडा-नाकातून बाहेर पडणारे सगळे लहान-मोठे कण एकाच नावाखाली घेतले. बंद खोलीत जे बराच वेळ तरंगते, त्याला शिंतोडे म्हटले तर खिडकी उघडायची गरज कुणाला कळणार नाही. तिथे तुषार हवा. आणि क्षयरोगाची माहिती लिहायची झाली तर आणखी एक पायरी खाली या. तिथे तुषारातले पाणी आटून गेलेले असते आणि जंतू घेऊन उरलेला कोरडा कण हवेत फिरतो. त्याला ना थेंब म्हणा ना तुषार, सरळ ‘कण’ म्हणा. ओलेपणा सुचवणारा शब्द तिथे फसवा आहे.

आणखी एक विनंती. कोशात शोधायच्या आधी आपल्या भागात विचारा. टिपूस हा शब्द लिखाणातून हरवत चालला आहे. ‘डोळ्यांतून टिपूस काढला नाही’, ‘हंड्यात पाण्याचा टिपूस नाही’. लहानात लहान थेंब, आणि बहुतेक तो नाही हे सांगण्यासाठीच वापरतात. वाऱ्याबरोबर तिरका आत येणारा पाऊस म्हणजे वावझड. कौलाच्या कडेने गळतात त्या पागोळ्या. छत्री उघडावी की नाही कळत नाही अशी ती बुरबुर. हवामानशास्त्रात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान थेंबांच्या पावसाला वेगळे नाव आहे. त्याचे मराठी करताना मी एकदा ‘तुषारवृष्टी’ वाचले आणि वाईट वाटले. गगनबावड्यापासून इचलकरंजीपर्यंत ज्याला सगळे बुरबुर म्हणतात, त्याला असा पोशाख कशाला चढवायचा?

गुऱ्हाळावर तासभर उभे राहा, मग कळेल की लोक हे शब्द किती नेमके वापरतात. काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, फेस वर चढला की तेलाचे चार थेंब सोडतात आणि फेस बसतो. हातावर उकळता रस उडाला तर ‘शिंतोडा उडाला’. पाक होत आला की गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात सोडतो आणि बोटांनी त्याची गोळी वळते का बघतो. उलथण्याच्या कडेने उतरतो तो ओघळ. एवढ्या सगळ्यात तुषार एकदाही ऐकू येत नाही, कारण दाट पाक तसा उडतच नाही. हे त्या माणसांना कुणी शिकवलेले नाही.

तुम्ही पाठवलेली वाक्ये मी अशी करीन. पुस्तिकेत: ‘बुरशीनाशकासाठी बारीक तुषार उडतील असे नोझल लावा. तणनाशकासाठी मोठे थेंब पडतील असे नोझल लावा, वारा असेल तर फवारणी थांबवा.’ फलकावर: ‘खोकताना, शिंकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरा, शिंतोडे दुसऱ्याच्या अंगावर उडू देऊ नका. बारीक तुषार खोलीत तरंगत राहतात, म्हणून खिडक्या उघड्या ठेवा.’ फलक छापण्याआधी सिस्टरांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. त्या रोज पेशंटशी बोलतात, कुठे अडखळल्या तर तो शब्द बदला आणि मला कळवा.